'दिन' की 'दीन'? मराठी मजकूर तपासायला बसणाऱ्या नवख्यांसाठी

सप्टेंबर लागला की मराठवाड्यातल्या डीटीपी केंद्रांत एक ओळ हमखास टाइप होते: 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन'. १७ सप्टेंबर १९४८ चा तो दिवस, निजामाच्या राजवटीतून सुटका झाली तो. या तीन शब्दांत दोन सापळे आहेत. 'मुक्ती'ची दुसरी वेलांटी जोडशब्दात पहिली होते, तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. आणि 'दिन'ला दुसरी वेलांटी पडली की दिवसाचा 'दीन' होतो, म्हणजे गरीब, लाचार. जिथे अभिमानाने मिरवायचे तिथेच लाचारी छापून येते.

संगणक अशी चूक दाखवत नाही. 'दीन' हा शब्दही कोशात आहे, मग त्याखाली लाल रेघ कशी येणार? जोडीतले दोन्ही शब्द खरे असतात तेव्हा यंत्र गप्प बसते. म्हणून जोड्या पाठ करण्यापेक्षा प्रत्येक जोडीमागची परीक्षा शिकून घ्यावी. पाठ केलेली यादी शंभर शब्दांवर संपते, परीक्षा मात्र नव्या शब्दालाही लावता येते.

हाताशी तीन गोष्टी हव्यात. एक चांगला शब्दकोश. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांची छापील प्रत. १९६२ साली १४ नियम ठरले, १९७२ साली आणखी ४ जोडले गेले, आणि हेच १८ नियम आज प्रमाण मानतात. मराठवाडा साहित्य परिषद या महामंडळाच्या घटक संस्थांपैकी एक, त्यामुळे नियम पुण्या-मुंबईचे म्हणून झटकून टाकायची सोय नाही. तिसरी गोष्ट म्हणजे वही. सापडलेली प्रत्येक जोडी तिच्यात वाक्यासकट लिहायची, कारण नुसता शब्द लिहिला तर महिन्याने कोणता अर्थ कुठला ते आठवत नाही.

पहिले वाचन: फक्त अर्थासाठी

या फेरीत वेलांटीकडे बघायचेच नाही. वाक्य काय सांगते एवढेच तपासायचे. सगळ्यात महाग चुका इथे सापडतात.

'मराठवाड्याची अपेक्षा' आणि 'मराठवाड्याची उपेक्षा' या दोन बातम्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि शब्दांत एका अक्षराचा. 'पाण्याच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे अपेक्षा झाली' असे वाक्य घाईत वाचणाऱ्याला खटकत नाही. इथे क्रियापद बघावे. अपेक्षा 'असते' किंवा 'केली जाते', उपेक्षा 'होते' किंवा 'वाट्याला येते'.

क्रियापदाची ही परीक्षा पुष्कळ जोड्यांना लागू पडते. 'आवाहन' करतात, 'आव्हान' देतात, स्वीकारतात, पेलतात. त्यामुळे 'जिल्हाधिकाऱ्यांनी मतदान करण्याचे आव्हान केले' हे वाक्य क्रियापदावरच अडते. 'निकष' लावतात, ठरवतात, 'निष्कर्ष' काढतात. 'परिणाम' होतो; 'परिमाण' लाभते किंवा मोजायला वापरतात. पोलीस गुन्ह्याचा 'तपास' करतात, अधिकारी रेशन दुकानाची 'तपासणी' करतात. सातबाऱ्यावर 'वारस' लागतात, वेरूळच्या लेण्यांचा 'वारसा' जपतात. शाळांच्या अहवालात 'अध्ययन' आणि 'अध्यापन' यांची अदलाबदल नेहमीची आहे: शिकतो तो अध्ययन करतो, शिकवतो तो अध्यापन.

काही ठिकाणी क्रियापद मदत करत नाही, प्रसंग करतो. जयंतीला आणि पुण्यतिथीला 'अभिवादन' करतात. 'अभिनंदन' जिवंत माणसाचे. 'पुण्यतिथीनिमित्त हार्दिक अभिनंदन' असा मजकूर जुन्या फाइलवर नवे नाव चढवताना तयार होतो, म्हणून जुनी फाइल वापरली असेल तर मथळा आणि शेवटची ओळ आधी वाचावी. तसेच पुतळ्याचे 'अनावरण', पुस्तकाचे 'प्रकाशन', इमारतीचे 'उद्घाटन' आणि काम सुरू होण्याआधी 'भूमिपूजन'. पुतळ्याचे उद्घाटन होत नाही. आणि आभाराच्या भाषणात 'कृतज्ञ'च्या जागी 'कृतघ्न' पडले तर पाहुणा पुन्हा येणार नाही. 'ज्ञ' म्हणजे जाणणारा, 'घ्न' म्हणजे मारणारा, एवढे लक्षात ठेवले की हात आपोआप थांबतो.

गोदाकाठच्या बातम्यांत आणखी एक जोडी सारखी भेटते: 'अवैध वाळू उपसा' ऐवजी 'अवैद्य वाळू उपसा'. विधी म्हणजे कायदा, त्याला धरून ते 'वैध'. 'वैद्य' औषध देतो. महसुली कागदांत 'इनाम' जमिनीची 'इमान' जमीन झालेलीही दिसते. निजामकाळातले महसुली शब्द तपासताना तर जास्तच जपावे. 'मदतमाश' म्हणजे उदरनिर्वाहासाठी इनाम दिलेली जमीन; त्यातला 'माश' अनोळखी वाटला म्हणून त्याचा 'मास' करून टाकला, तर दुरुस्तीच चूक ठरते.

दुसरे वाचन: वेलांट्या आणि उकार

इथे सर्वांत जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. शब्द समोर आला की पहिला प्रश्न एकच: हा संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे की नाही? म्हणजे तत्सम आहे का? पुढचे सगळे त्यावर ठरते.

तत्सम नसलेले, अकारान्त म्हणजे शेवटी 'अ' असलेले शब्द आधी घेऊ. त्यांच्या शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो: पीक, वीज, विहीर, जमीन, वकील, तूर, ऊस, मूल. प्रत्यय लागताना शेवटचा अ बदलला की ते दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते: पिकाला, विजेचे, विहिरीत, जमिनीवर, वकिलांनी, तुरीला, उसाला, मुलांना. म्हणून 'पीक विमा' बरोबर आणि 'पिक विमा' चूक. 'पिक' हाही शब्द आहे, त्याचा अर्थ कोकीळ. विमा कंपनीने कोकिळेचा विमा अजून काढलेला नाही. उलट 'ऊसाला भाव', 'विहीरीचे अनुदान', 'जमीनीचा वाद' हेही चूक.

गावांच्या नावांनाही हेच लागू आहे. लातूर, तुळजापूर, वैजापूर, उदगीर लिहिताना दीर्घ. लातुरात, तुळजापुरात, वैजापुरात, उदगिरात लिहिताना ऱ्हस्व. मात्र 'लातूरला', 'लातूरचा', 'उदगीरमध्ये' यांत शेवटचा अ बदलत नाही, म्हणून तिथे दीर्घच राहते. लातूरच्या आडत बाजाराच्या एका बातमीत 'लातूर', 'लातुरात', 'तूर' आणि 'तुरीची आवक' हे चारही येऊ शकतात आणि चारही बरोबर असतात. नवखा माणूस इथे 'सगळीकडे एकसारखे करू' म्हणतो आणि दोन बरोबर शब्द बिघडवतो.

कापूस, माणूस, लाकूड या शब्दांची गोष्ट थोडी वेगळी. प्रत्यय लागला की त्यांचा उकारच जातो: कापसाला, माणसाने, लाकडाचा. 'कापुसाला' असे कुणी लिहिले तर ते बोलीतून आले आहे की घाईतून, हे संदर्भावरून ठरवावे.

आता तत्सम शब्द. ते संस्कृतात जसे आहेत तसेच राहतात, प्रत्यय लागला तरी मधली वेलांटी हलत नाही. 'शिबिर' आणि 'मंदिर' दोन्ही ऱ्हस्व, म्हणून 'रक्तदान शिबीर' चूक. 'शरीर', 'ग्रामीण', 'परीक्षा' दीर्घ, म्हणून 'शरिराला' चूक आणि 'शरीराला' बरोबर. 'जमीन–जमिनीला' शिकलेला हात 'शरीर–शरिराला' करतो, ही शिकाऊंची सगळ्यात नेहमीची चूक. 'पोलीस अधीक्षकांनी पोलिसांना सूचना दिल्या' हे एकच वाक्य फळ्यावर लिहून ठेवण्यासारखे आहे: 'पोलीस' बाहेरून आलेला शब्द, म्हणून पोलीस–पोलिसांना, 'अधीक्षक' तत्सम, म्हणून प्रत्यय लागूनही 'धी' जागचा हलत नाही.

'अधीक्षक'मध्ये दीर्घ आणि 'अधिकारी'मध्ये ऱ्हस्व का? शब्द फोडून बघावा. अधि + ईक्षक, दोन इ-ई एकत्र आल्या की दीर्घ होतात. परि + ईक्षा म्हणून परीक्षा, निर् + ईक्षक म्हणून निरीक्षक, प्रति + ईक्षा म्हणून प्रतीक्षा. 'अधिकारी', 'परिणाम', 'परिसर', 'प्रतिनिधी' यांत पुढे ईक्षा नाही, म्हणून ऱ्हस्व. 'क्ष' दिसला आणि बघण्याचा अर्थ असला की आधीची वेलांटी दुसरी.

शब्दाच्या शेवटच्या वेलांटीचा नियम वेगळा आहे, आणि सुरुवातीच्या 'मुक्तिसंग्राम'चा उलगडा त्यातच होतो. संस्कृतातले शेवटी ऱ्हस्व असलेले शब्द मराठीत सुटे लिहिताना दीर्घ होतात: मुक्ती, कवी, शक्ती, भूमी, कृषी, वसती, स्मृती. प्रत्यय लागला तरी दीर्घच: मुक्तीचा, कवीला. पण तोच शब्द जोडशब्दात आधी आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो: मुक्तिसंग्राम, कविसंमेलन, शक्तिपीठ, भूमिपूजन, कृषिमंत्री, वसतिगृह, स्मृतिदिन. वसतिगृहाच्या कितीतरी पाट्यांवर 'वसतीगृह' असते. पाटीवर आहे म्हणून ते बरोबर धरू नये. मात्र दोन शब्द तोडून लिहिले तर दीर्घ राहते. परभणीच्या विद्यापीठाच्या नावात 'कृषी विद्यापीठ' असे दीर्घ आहे ते त्यामुळेच. मंत्री, विद्यार्थी, प्राणी हे शब्दही याच रांगेत बसतात: मंत्रिमंडळ, विद्यार्थिमंडळ, प्राणिसंग्रहालय.

आणि लगेच उलट बाजू. मुळातच दीर्घ असलेले संस्कृत शब्द जोडशब्दातही दीर्घ राहतात: नदीकाठ, लक्ष्मीपूजन. अस्सल मराठी शब्दही तसेच: पाणीपुरवठा, पाणीटंचाई. लग्नपत्रिकेत मात्र 'पाणिग्रहण', कारण तिथला 'पाणि' म्हणजे हात. टंचाईच्या बातमीत पाणी दीर्घ आणि लग्नात ऱ्हस्व, असे लक्षात ठेवा.

छोट्या शब्दांसाठी फार विचार करू नये. मी, ही, ती, की, तू दीर्घ. 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' ऱ्हस्व. 'हि' आणि 'कि' सुटे दिसले की सरळ दुरुस्त करावेत.

तिसरे वाचन: अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे

'शेतकऱ्याचा मोर्चा' म्हणजे एकाच शेतकऱ्याचा मोर्चा. अनुस्वार दिला, 'शेतकऱ्यांचा', की मोर्चाला माणसे येतात. प्रत्यय लागलेल्या अनेकवचनात अनुस्वार हवा आणि आदरार्थी एकवचनातही हवा: आमदारांनी, सरपंचांना. 'शेतकऱ्यांने' असा संकर कुठेच बरोबर नाही. एकाला 'शेतकऱ्याने', अनेकांना 'शेतकऱ्यांनी'.

याच शब्दातला 'ऱ्या' पुढचा सापळा. 'आचार्यांना मानधन द्यावे' आणि 'आचाऱ्यांना मानधन द्यावे' यांत पहिले पैसे गुरूंना जातात, दुसरे स्वयंपाक्यांना. 'सूर्याने' आणि 'सुऱ्याने', 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचेही तसेच. कान लावला तर फरक ऐकू येतो: 'सूर्य'मध्ये आधीच्या अक्षरावर आघात येतो, 'सुऱ्या'मध्ये येत नाही. शब्दावरूनही ओळखता येते. मूळ शब्द री किंवा रा ने संपत असेल आणि पुढे त्याचे सामान्यरूप झाले असेल तर ऱ्या: शेतकरी–शेतकऱ्या, दुसरा–दुसऱ्या, वारा–वाऱ्या. मुळातच 'र्य' असेल तर रफार: कार्य, धैर्य, आचार्य. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 'र'ची कळ दाबली की खाली टिंब असलेला 'ऱ' येतो, मग हलन्त (पाय मोडण्याची कळ), मग 'य'. साधा 'र', हलन्त आणि 'य' एवढेच दाबले तर रफारच पडतो.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतलेला असेल तर ऱ्या, रफार आणि पहिली वेलांटी या तिन्ही जागा आधी बघाव्यात. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. बदलताना ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

जोडाक्षरांत 'शुद्ध, सिद्ध, बौद्ध, उद्धव' यांत द आधी, ध नंतर. 'शुध्द' उलटे आहे. 'उद्घाटन'मध्ये द आणि घ, तिथे ध नाहीच. महत् + त्व म्हणून महत्त्वात दोन त, तत्त्वात आणि व्यक्तिमत्त्वातही दोन. नेतृत्व, मातृत्व, अस्तित्व यांत एकच. उत् + ज्वल म्हणून उज्ज्वल, तत् + ज्ञ म्हणून तज्ज्ञ. 'ग्रह' आकाशात, 'गृह' जमिनीवर. 'ग्रहमंत्री' लिहिणाऱ्याने शनी-मंगळाचे खाते वाटले असे समजावे.

उच्चारातून येणाऱ्या चुका

मराठवाड्यात खेड्यापाड्यांतून 'ण'चा उच्चार 'न'कडे झुकतो, आणि तो लिहिण्यात उतरतो. 'तण' म्हणजे शेतातले नको असलेले गवत, 'तन' म्हणजे शरीर. कृषी केंद्राच्या फलकावर 'तननाशक' लिहिले तर गिऱ्हाईक घाबरायला हवे. 'जन' म्हणजे लोक, मोजताना 'जण': जनआंदोलनात दहा जण. कोन–कोण, खान–खाण, घन–घण याच गटातले. ल-ळ मध्ये वेल–वेळ, माल–माळ, काल–काळ, मूल–मूळ. स-श-ष मध्ये सगळ्यात वाईट 'विषद': मुद्दा 'विशद' करतात, म्हणजे स्पष्ट करतात, 'विषद' म्हणजे विष देणारा. मास महिना, मांस खायचे. लिहिणाऱ्याने स्वतःच्या तोंडातले असे आठ-दहा शब्द हेरून वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत, कारण आपल्या कानाला जे बरोबर वाटते ते डोळ्यालाही बरोबरच दिसते.

शोधा आणि बदला, पण एकेक

तीन वाचने झाली की वहीतले शब्द संगणकावर एकेक शोधावेत. 'दीन' शोधा, 'आव्हान' शोधा, 'वसती' शोधा. प्रत्येक ठिकाणी थांबून वाक्य वाचा. 'सगळे बदला' ही कळ मात्र दाबू नये. 'दीन'चा सरसकट 'दिन' केला तर 'निजामुद्दीन'चा 'निजामुद्दिन' होतो, कारण 'द्दी'मध्येही तीच अक्षरे लपलेली असतात; नाव बिघडले की माणूस नाराज होतो. 'तुर'चा 'तूर' केला तर 'चतुर'चे 'चतूर', 'आतुर'चे 'आतूर' आणि बरोबर असलेल्या 'लातुरात'चे 'लातूरात' होते.

काय बदलायचे नाही

कथेतल्या संवादात पात्र 'काहून', 'मपलं', 'तुपलं', 'लई' म्हणत असेल तर ते तसेच ठेवावे. निवेदनात मात्र लेखकाने एकच वाट धरलेली असावी. 'केले, झाले, म्हटले' किंवा 'केलं, झालं, म्हटलं'. एकाच परिच्छेदात दोन्ही आले तर लेखकाला विचारून एक ठेवावे. अनुस्वार गळून 'केल', 'झाल' झालेले असेल ते मात्र विचारायची गरज नाही, दुरुस्त करावे.

संतवचनांना हात लावू नये. पैठणचे एकनाथ, गंगाखेडच्या जनाबाई, आपेगावचे ज्ञानेश्वर यांच्या ओळी स्मरणिकेत येतात तेव्हा त्यांतले 'केलें', 'जेथें' आजच्या नियमांनी पुसायचे नसतात. केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य मुळाप्रमाणे ठेवावे, असे महामंडळाचा नियमच सांगतो. आजच्या लेखातले 'नांव' आणि 'गांव' मात्र 'नाव' आणि 'गाव' करावेत. संस्थेचे नोंदणीकृत नाव चुकीचे असले तरी ते नोंदणीप्रमाणेच छापावे; पावतीवरचे आणि बँकेतले नाव जुळले पाहिजे.

छापायला जाण्याआधी

शेवटचे प्रूफ कागदावर घ्यावे. मोठ्या टाइपातले शीर्षक, पाहुण्यांची नावे, तारीख-वार ही सगळ्यात कमी वाचली जातात, कारण सगळ्यांना ती पाठ असतात; ती बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचावीत. दुरुस्ती पानाच्या कडेला, समासात लिहावी, शब्दावर गिचमीड करू नये. ऑपरेटरला पहिली की दुसरी वेलांटी हे कळायला हवे, म्हणून शंका असेल तिथे पूर्ण शब्द पुन्हा लिहून द्यावा. दुरुस्त प्रूफ परत आले की फक्त दुरुस्त केलेला शब्द बघून सोडू नये. वरची आणि खालची ओळही वाचावी, कारण शब्द लहान-मोठा झाला की ओळ सरकते, आणि सरकताना एखादा शब्द गळतो किंवा दोनदा येतो.